उत्तर तटाने, पाण्यातून

मराठी माणसाला नर्मदा ठाऊक आहे ती चालून. गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’, जगन्नाथ कुंटे यांचं ‘नर्मदे हर हर’ आणि त्यामागून आलेली परिक्रमेची कितीतरी पुस्तकं घरोघरी वाचली जातात. चातुर्मास संपला की पुण्या-नाशिकहून, नागपूर-अमरावतीहून माणसं पाठीवर सामान घेऊन निघतात. या चालण्याचे नियम कडक आहेत. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची. उपनद्या ओलांडाव्या लागल्या तरी नर्मदा ओलांडायची नाही. १,३१२ किलोमीटरच्या प्रवाहाला दोन्ही काठांनी वळसा घालताना परिक्रमावासी नर्मदेवर होडीत बसतो तो मुखापाशी. तिथे दक्षिण तटावरून उत्तर तटावर खंबायतच्या आखातातून जावं लागतं आणि नाव कधी सुटणार हे भरती ठरवते. बाकी सगळी नर्मदा काठावरून पाहायची असते.

या पुस्तिकेत पाण्यात बसून पाहिलेली नर्मदा आहे. अरुंद, हलकी कयाक, दोन्ही टोकांना पातं असलेलं एक वल्हं, चार-सहा मित्रमैत्रिणी आणि हिवाळ्यातली मोकळी सकाळ, एवढ्यावर होणाऱ्या सहली. यातला मुख्य भाग भेडाघाटच्या खालपासून हिरन नदीच्या संगमापर्यंतचा आहे, म्हणजे जबलपूर जिल्ह्यातल्या शहपुरा तहसिलीच्या अंगाने जाणारा उत्तर तट. दुसरा भाग कोकणातल्या खाड्या आणि समुद्र यांच्याविषयी आहे. या दोन पाण्यांना एकाच पुस्तिकेत का घेतलं, ते पुढे सांगते.

आधी शहपुऱ्याचा ठावठिकाणा, कारण नावामुळे घोटाळा होतो. डिंडोरी जिल्ह्यातही एक शहपुरा आहे. ते हे नव्हे. आपलं शहपुरा जबलपूरच्या पश्चिमेला, भोपाळच्या रस्त्यावर आहे, आणि रेल्वेचं स्टेशन भिटौनी. गाव काठापासून थोडं आत आहे, त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्याला नदीची चाहूल लागत नाही. रेल्वेने येणाऱ्याला मात्र लागते. १८७० साली मुंबईकडून आलेला लोहमार्ग जबलपूरला पोचला आणि मुंबई–कलकत्ता अशी सलग गाडी सुरू झाली. इटारसीवरून जबलपूरला येणारी गाडी आजही भिटौनीच्या अलीकडे नर्मदा ओलांडते. डब्यातले लोक हात जोडतात आणि खिडकीतून नाणी टाकतात. म्हणून आमचा एक साधा नियम आहे: गाडीचा आवाज आला की पुलाखाली थांबायचं नाही.

जबलपूरचं मराठीपण जुनं आहे. १७९८ पासून १८१७ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता, आणि पुढे १९५६ पर्यंत जबलपूर आणि विदर्भ एकाच प्रांतात होते. नोकरीनिमित्त, शिक्षणानिमित्त आलेली मराठी घरं इथेच रुजली. त्या घरांतली माणसं नदीवर स्नानाला जात, दीपदानाला जात, पाहुणे आले की त्यांना भेडाघाटच्या नावेत बसवत. स्वतः वल्हं हातात घेण्याची रीत मात्र आपल्यात नव्हती. ते काम केवटांचं, बर्मन मंडळींचं. या पुस्तिकेतल्या पाण्याविषयीच्या माहितीपैकी बरीचशी त्यांच्याकडूनच मिळालेली आहे, हे इथेच सांगून ठेवते.

भेडाघाटला नर्मदा धुआँधारवरून कोसळते आणि संगमरवराच्या खिंडीत शिरते. भेडाघाट–लम्हेटाघाटचा हा परिसर २०२१ साली युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत गेला आहे. धुआँधारच्या आसपास छोटी होडी नेण्याचा विचारही करू नये. खिंडीतसुद्धा आम्ही कयाक नेत नाही. तिथे नावाड्यांच्या नावेत प्रवासी म्हणून बसतो. याचं एक कारण नावाड्यांचा मान आणि त्यांची रोजी. दुसरं कारण आग्या मोहोळ. त्या उभ्या पांढऱ्या कड्यांना मोठमोठी पोळी लटकलेली असतात. जेम्स फोर्सिथने १८७१ सालच्या ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या पुस्तकात इथली एक घटना लिहून ठेवली आहे. रेल्वेच्या पाहणीसाठी आलेला बॉडिंग्टन नावाचा अभियंता या खिंडीत नावेतून जात असताना माश्या उठल्या. त्यांच्यापासून वाचण्यासाठी तो पाण्यात गेला आणि बुडाला. खिंडीत दोन्ही बाजूंना कडे आहेत, काठ असा नाहीच, पळायला जागा नाही. म्हणून तिथे आरडाओरडा नको, धूर नको, भडक अत्तर नको. सहलीच्या उत्साहात असलेल्या प्रत्येक टोळक्याला हे ऐकवलं पाहिजे.

सरस्वती घाटाच्या खाली नदीचा स्वभाव बदलतो. दगड मागे पडतो, पात्र रुंदावतं, दोन्ही बाजूंना मातीच्या उंच दरडी उभ्या राहतात. शहपुरा-पाटणचा मटार प्रसिद्ध आहे. डिसेंबर-जानेवारीत वरच्या रस्त्यांवर मटाराच्या गोण्यांनी भरलेल्या गाड्यांची रांग असते. खाली पाण्यात बसलेल्याला त्यातलं काहीही दिसत नाही. दरडीवरून खाली सोडलेले पाइप दिसतात आणि पंपांची घरघर ऐकू येते. शेत कुठे आहे ते आवाजावरून ओळखायचं. वाळू उघडी पडली की तिच्यावर टरबुजाच्या वाड्या लागतात. त्यांच्या कडेने जाताना वल्ह्याचं पाणी रोपांवर उडू न देणं ही साधी माणुसकी आहे.

आता पाण्याविषयी, कारण या टप्प्यावर सगळ्यांत जास्त समजून घ्यायला हवं ते हेच. जबलपूरच्या वर बरगीचं धरण आहे, १९९० साली पूर्ण झालेलं. नर्मदेवरच्या मोठ्या धरणांच्या साखळीत ते पहिलं पूर्ण झालं. उंची ६९ मीटर, दरवाजे २१, आणि मागे मंडल्याच्या दिशेने पसरलेला सुमारे ७५ किलोमीटरचा जलाशय. त्या जलाशयाने दीडशेहून जास्त गावं विस्थापित केली. धरणाच्या खालची नदी आता फक्त पावसावर चालत नाही. वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की पातळी चढते, बंद केलं की उतरते, आणि आकाशात ढगाचा ठिपकाही नसताना हे घडतं. सकाळी जिथे कोरड्या वाळूवर डबा खाल्ला, तिथे दुपारी पाणी असू शकतं. पावसाळ्यात दरवाजे उघडले की घाटच्या घाट बुडतात. त्या महिन्यांत कयाक घरी टांगलेली बरी. हिवाळ्यातही निघण्याआधी पाणी किती सुटतंय याची चौकशी करायची, आणि होड्या वाळूवर नुसत्या ओढून ठेवायच्या नाहीत, वर नेऊन झाडाला बांधायच्या. कोकणातला माणूस भरतीचं कोष्टक पाहिल्याशिवाय होडी ढकलत नाही. इथलं कोष्टक धरणावर ठरतं आणि ते पंचांगात छापलेलं नसतं.

बरगीचं नाव निघालं की मला अमृतलाल वेगड आठवतात. जबलपूरचे चित्रकार, शांतिनिकेतनात शिकलेले. वयाच्या पन्नाशीला टेकल्यावर, १९७७ साली, त्यांनी जबलपूरहून मंडल्याकडे पायी जायला सुरुवात केली. त्यांनी परिक्रमा एका दमात केली नाही. सुट्टी मिळेल तशी, तुकड्यातुकड्याने, सोबत्यांना घेऊन केली आणि त्यावर हिंदीत व गुजरातीत पुस्तकं लिहिली. त्या पहिल्या टप्प्यातला बराचसा काठ पुढे धरणाच्या पाण्याखाली गेला. तो काठ आता पाहायचा तर त्यांच्या पुस्तकात. २०१८ साली ते गेले. त्यांनी दाखवलेला मार्ग, म्हणजे थोडं थोडं, मित्रांसोबत, घाई न करता जाण्याचा, आम्ही पाण्यावर नेला. नोकरी-संसार सांभाळून नदीशी नातं ठेवायचं असेल तर यापेक्षा चांगली रीत मला माहीत नाही.

कयाकमध्ये बसलं की बैठक जवळपास पाण्याच्या पातळीला येते. डोळे पाण्यापासून हात-दीड हातावर असतात. त्या उंचीवरून नदी रुंद दिसते, काठ उंच दिसतो, आणि पाण्यावरची प्रत्येक सुरकुती वाचता येते: इथे खाली खडक आहे, इथे प्रवाह वळतोय, इथे डोह सुरू झाला. इंजिन नसल्यामुळे पाखरं उठत नाहीत. हिवाळ्यात वाळूच्या बेटांवर चक्रवाकांच्या जोड्या बसलेल्या असतात. कवड्या धीवर एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि सरळ खाली सुटतो. नदी सुरय आपल्या डोक्यावरून नदीचं वळण जसंच्या तसं गिरवत जातात. जानेवारीच्या पहाटे पाण्यावर दाट धुकं असतं. ते विरेपर्यंत काठावर चहा करायचा, निघायचं नाही.

आणि माणसं भेटतात. उत्तर तटावरचा परिक्रमावासी नदी उजवीकडे ठेवून पूर्वेला, म्हणजे प्रवाहाच्या उलट चाललेला असतो. आपण प्रवाहाबरोबर पश्चिमेला येत असतो. त्यामुळे या काठाने परिक्रमावासी नेहमी समोरून येतात. आधी दरडीवर काठी दिसते, मग पांढरे कपडे, मग ‘नर्मदे हर!’ अशी हाक. आपणही तीच हाक द्यायची. बोलणं निघालं की निम्म्या वेळा समोरचा माणूस मराठी निघतो, आणि काठावर उकिडवं बसून सांगलीच्या नाहीतर वर्ध्याच्या गोष्टी होतात. त्यांना होडीत बसण्याचा आग्रह कधी करायचा नाही, थट्टेनेही नाही. त्यांचा संकल्प त्या काठाशी बांधलेला आहे. पाणी, फळं, पायाला लावायचं मलम द्यावं. ज्यांना आयुष्यात एकदा परिक्रमा करायची आहे त्यांनी ती पायीच करावी, असं माझं ठाम मत आहे. नदीतून खाली जाणं ही परिक्रमा होत नाही आणि तिला तसं म्हणूही नये. पण परिक्रमा करून आलेल्याने एकदा पाण्यात बसून तोच काठ पाहावा. जो घाट पायऱ्यांवरून ओळखीचा झाला तो खालून पाहिला की लक्षात येतं, गाव नदीकडे तोंड करून बसलेलं आहे. रस्ता त्याच्या पाठीला आहे.

सोबतीविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण या सहलींचा जीव त्यात आहे. सहा माणसं सहा कयाकमध्ये बसली की ती सहा वेगांची होतात. संथ पाण्यात बऱ्यापैकी वल्हवणारा तासाला पाच किलोमीटर जातो; नवशिका त्याच्या निम्मा. आपण वेग धरतो तो सगळ्यांत हळू असलेल्या माणसाचा. सर्वांत पुढे पाणी ओळखणारा असतो आणि त्याच्यापुढे कोणी जात नाही. सर्वांत मागे गटातला सर्वांत भक्कम वल्हवणारा, कारण अडचण बहुधा मागे येते आणि मागे वळून वल्हवायला ताकद लागते. मधल्यांच्या जोड्या ठरलेल्या. शिट्टी प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटला बांधलेली, आणि लाइफ जॅकेट काठापासून काठापर्यंत अंगावर. पोहता येतं म्हणून ते होडीत मागे बांधून ठेवणाऱ्याला आम्ही पाण्यात उतरू देत नाही, मग तो कितीही जुना मित्र असो.

नव्या माणसाला पहिला धडा उलटण्याचा. काठाजवळ, छातीएवढ्या पाण्यात, मुद्दाम होडी उलटवायची, शांतपणे बाहेर यायचं, वल्हं आणि होडी दोन्ही सोडायची नाहीत. मग दुसऱ्याने आपली होडी आडवी लावायची, उलटलेल्या होडीचं टोक आपल्या होडीवर उचलून आतलं पाणी सांडायचं, ती सरळ करायची आणि दोन्ही होड्या घट्ट धरून ठेवायच्या, म्हणजे पडलेल्याला मागच्या बाजूने पोटावर सरपटत आत चढता येतं. हे दोघांच्या हातांत बसलं की भीती निम्मी होते. उरलेली निम्मी असावी, ती उपयोगाची असते. वर्षानुवर्षं एकत्र चहा पिणारी माणसं अशा सकाळी एकमेकांना नव्याने कळतात. कोण घाई करतो, कोण मागे वळून पाहतो, दमलेलं असूनही ‘दमलो’ म्हणायला कोण लाजतो. पाण्यावर हे लपत नाही, आणि त्यातून झालेली मैत्री काठावरही टिकते.

नदीचे मालक आपण नाही, हे इथे पदोपदी जाणवतं. मकरसंक्रांतीला आणि माघ शुद्ध सप्तमीला, नर्मदा जयंतीला, घाट माणसांनी फुललेले असतात. त्या दिवशी सहल नको. कधी एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत मैयाला चुनरी अर्पण करतात, साड्यांना साड्या जोडून नावांच्या आधाराने पाण्यावर धरलेली. ती दिसली की थांबायचं. विधी उरकेपर्यंत काठाला लागून राहायचं. केवटांची जाळी पाण्यात असतात. तरंगणारी बाटली किंवा थर्माकोलचा तुकडा दिसला की ती जाळ्याची खूण समजायची आणि लांबून वळसा घालायचा.

वाळूउपशाबद्दल सौम्य बोलणं मला जमत नाही. पनडुब्बी म्हणतात ती यंत्रं तळातून वाळू ओढतात आणि जिथे गुडघाभर पाणी असायचं तिथे दोन पुरुष खोल खड्डा पडतो. वरून काही कळत नाही. होडीतून उतरून सहज पाय टाकणाऱ्यासाठी ही या टप्प्यावरची सर्वांत मोठी जोखीम आहे. वल्ह्याने तळ चाचपल्याशिवाय उतरू नये. माशांसाठी तर हा उपसा त्याहून वाईट. महाशीर हा मध्य प्रदेशचा राज्यमासा. त्याला वाहतं, स्वच्छ पाणी आणि वाळू-गोट्यांचा तळ लागतो. धरणांनी वाहणं थांबवलं आणि उपशाने तळ नेला. मोठा महाशीर पाहिल्याच्या गोष्टी म्हातारे केवट सांगतात. त्यांची पोरं ऐकतात. नदीत उतरणारी माणसं वाढली तर निदान हे पाहणारे डोळे वाढतील, अशी माझी आशा आहे, आणि ही पुस्तिका काढण्यामागचं तेही एक कारण आहे.

हिरनच्या संगमाकडे जाताना सावधपणा वाढवावा. हिरनला मिळणारी परियट नदी मगरींसाठी ओळखली जाते. मगर सहसा माणसाच्या मागे लागत नाही, पण उन्हाला पडलेल्या मगरीच्या आणि पाण्याच्या मधून आपण जाऊ नये. तिच्या वाळूवर जेवायला बसू नये.

आता समुद्र, आणि तो या पुस्तिकेत असण्याचं कारण. कयाक मुळात थंड प्रदेशातल्या समुद्रावरची होडी. आर्क्टिकच्या किनाऱ्यावर इन्युइट लोकांनी वाहून आलेल्या लाकडाच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून ती बनवली, शिकारीसाठी. तिच्यावरून स्फूर्ती घेऊन जॉन मॅकग्रेगर या स्कॉटिश वकिलाने १८६५ साली ‘रॉब रॉय’ नावाची लाकडी होडी घेऊन युरोपातल्या नद्या पालथ्या घातल्या. हौसेखातर वल्हवण्याचा छंद तिकडे तिथून पसरला. भारताच्या किनाऱ्याशीही या होडीचा एक धागा आहे. ऑस्कर स्पेक हा जर्मन तरुण १९३२ साली डॅन्यूब नदीवरच्या उल्म गावातून घडीच्या कयाकमधून निघाला. भारताच्या पश्चिम किनाऱ्याने उतरत तो सिलोनला गेला, तिथून पूर्व किनाऱ्याने वर चढला, आणि १९३९ साली ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला तेव्हा महायुद्ध सुरू झालेलं असल्याने कैदेत पडला. आपल्या काळात मुंबईच्या कौस्तुभ खाडे यांनी २०१५ साली मुंबई ते गोवा आणि पुढे २०१६-१७ मध्ये गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंतचा सुमारे ३,००० किलोमीटरचा किनारा कयाकमधून पार केला. या दुसऱ्या प्रवासात शांजली शाही सायकलवरून किनाऱ्याकिनाऱ्याने सोबत होत्या.

आमच्या मध्य प्रदेशाला समुद्र नाही, तरी वल्ह्याशी नातं आहे. ग्वाल्हेरच्या प्राची यादव भोपाळच्या छोट्या तलावात वल्हवायला शिकल्या, टोकियो पॅरालिम्पिकमध्ये उतरल्या आणि २०२३ साली हांगचौच्या आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आल्या. त्याच वर्षी खेलो इंडियाच्या स्लॅलम शर्यती महेश्वरला, सहस्रधारेच्या खळाळत्या पाण्यात झाल्या. तीही नर्मदाच.

नदीवर हात बसलेल्याने समुद्रावर जावं, पण खाडीच्या दाराने. देवबाग-तारकर्लीची कर्ली, दाभोळची वाशिष्ठी, बाणकोटची सावित्री: या खाड्यांत लाटा नाहीत आणि भरती-ओहोटी आहे, म्हणजे एका वेळी एकच नवी गोष्ट शिकायची. भरतीबरोबर आत जावं, ओहोटीबरोबर परतावं. खाडीच्या मुखाशी ओहोटी आणि समोरून येणारी लाट भिडते तिथे पहिल्या वर्षी जाऊच नये. उघड्या किनाऱ्यावर पहाटे मतलई वाहतो, जमिनीकडून समुद्राकडे. तो पाठीवर घेऊन लांब जाणं सोपं असतं आणि परत येणं अवघड. दुपारी खारा वारा सुटतो आणि पाणी खडबडतं. म्हणून सकाळी लवकर, किनाऱ्याला समांतर, आणि दुपारच्या आत वाळूवर. कयाकमध्ये बसलेल्याला क्षितिज जेमतेम तीन किलोमीटरवर दिसतं. मच्छीमार बोटीवरल्या तांडेलाला आपण लाटेच्या खळग्यात दिसतही नाही. भडक रंगाचे कपडे तिथे शोभेसाठी नसतात. कोळीवाड्यात विचारल्याशिवाय होडी ढकलू नये, हा नियम शहपुऱ्याच्या घाटावर शिकलेलाच तिथेही लागू आहे.

पुस्तिकेत प्रत्येक टप्प्याची उतरण्याची आणि बाहेर पडण्याची जागा, मधल्या वाळूच्या पट्ट्या, धावतं पाणी आणि काठावरच्या वाटा दिल्या आहेत. पात्र दर पावसाळ्यानंतर बदलतं, त्यामुळे वाळूच्या पट्ट्या जिथे लिहिल्या तिथेच सापडतील याची हमी नाही. डोह आणि खडक मात्र तिथेच असतील. ज्या घाटावरून निघाल तिथल्या नावाड्याला आधी भेटा, त्याचा वेळ घेतलात तर त्याचे पैसे द्या, आणि तो ‘आज नको’ म्हणाला तर होड्या गाडीवर चढवा. पहिल्या सहलीसाठी डिसेंबरचा पहिला पंधरवडा उत्तम: पाणी निवळलेलं, थंडी सोसवणारी, धुकं कमी. सरस्वती घाटाखालच्या संथ पाण्यात, उत्तर तटाला लागून, दोन तास वल्हवा आणि तिथेच परत या. त्यापुढचे टप्पे तिसऱ्या प्रकरणापासून आहेत.